दुनळीच्या दस्त्याला पुन्हा पुन्हा त्याच जागी तडा का जातो?

तीनदा चिकटवला, तीनदा उघडला. माझ्या जुन्या दुनळी बंदुकीच्या दस्त्याला, वरच्या पोलादी पट्टीच्या टोकापासून मागे दीडेक इंच, केसाएवढा बारीक तडा होता. पहिल्यांदा पांढरा सुतारी गोंद वापरला. दुसऱ्यांदा पाच मिनिटांत आवळणारं एपॉक्सी. तिसऱ्यांदा चोवीस तासांचं एपॉक्सी आणि वर पितळेची आडवी खुंटी. त्या तिसऱ्या वेळी तर तड्याने खुंटीला वळसा घातला आणि तिच्या शेजारून नवी वाट काढली. खुंटी जागच्या जागी, घट्ट, आणि लाकूड मात्र पुन्हा फाटलेलं.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की माझं चिकटवणं चुकत नव्हतं (खरं तर तेही थोडं चुकत होतं, ते पुढे येईलच). मी जिथे औषध लावत होतो तिथे दुखणंच नव्हतं. लाकडात कुठेतरी पाचर ठोकली जात होती आणि मी ती पाचर तशीच ठेवून फटीत गोंद भरत होतो.

हा त्रास जुन्या बंदुका बाळगणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी होतोच, म्हणून जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितो. दोन गोष्टी मात्र आधी. बंदूक हातात घेतल्यावर ती उघडून दोन्ही नळ्यांच्या मागच्या कोठ्या डोळ्यांनी बघा आणि मग बोट घालूनही बघा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. दुसरं म्हणजे लाकूडकाम घरी करता येतं, पण बंदूक कुणाच्या ताब्यात द्यायची, कुणाकडून दुरुस्त करून घ्यायची, यावर जवळपास सगळीकडे कायद्याची बंधनं आहेत. परवान्याच्या अटी वाचल्याशिवाय नुसता दस्तासुद्धा इकडून तिकडे पाठवू नका. आणि ॲक्शनच्या, म्हणजे नळ्यांच्या मागच्या, चाप-घोड्याची यंत्रणा सांभाळणाऱ्या पोलादी भागाच्या, आतल्या स्प्रिंगा, कमानी यांना आपण हात लावायचा नाही. ते काम बंदूक-कारागिराचं.

आधी तडा वाचायला शिका

तडा कुठे आहे यावरून तो कशाने पडला हे बऱ्यापैकी कळतं. वरच्या पट्टीच्या टोकातून निघून सरळ मागे गेलेला तडा बहुतेक वेळा धक्क्याचा असतो, म्हणजे बार उडाल्यावर पोलाद मागे सरकून लाकडात घुसल्याचा. दस्त्याच्या तोंडाशी, जिथे लाकूड पोलादाला भिडतं, तिथल्या कोपऱ्यांतून दोन्ही अंगांना फुटलेले लहान तडे त्याच घराण्यातले. साइडलॉक बंदुकीत लॉक, म्हणजे घोडा सोडणारी यंत्रणा, बाजूच्या पट्ट्यांवर असते; त्या पट्ट्यांसाठी दोन्ही बाजूंनी लाकूड कोरून काढलेलं असतं आणि मधे उरतं ते अगदी थोडं. त्यामुळे तिथे हे तडे जास्त दिसतात. १८७५ साली ॲन्सन आणि डीली यांनी पेटंट घेतलेल्या बॉक्सलॉक रचनेत यंत्रणा पोलादाच्या पोटात गेली, त्यामुळे लाकूड जास्त शिल्लक राहतं. तरी तीही या दुखण्यातून सुटलेली नाही.

मुठीवर, म्हणजे आपण हाताने धरतो त्या दस्त्याच्या मानेवर, तिरका आडवा गेलेला तडा वेगळा. तो पडण्याने होतो, बंदुकीवर कुणी बसल्याने होतो, किंवा लाकडाच्या रेषा मानेतून सरळ न जाता तिरक्या बाहेर पडत असतील तर नुसत्या वापरानेही होतो. जुने चांगले कारागीर नक्षीदार लाकूड मागच्या रुंद भागात येईल आणि मानेत सरळ रेषा येतील असाच तुकडा निवडत. तुमच्या दस्त्याची रेष बोट फिरवून मानेतून मागपर्यंत नेऊन बघा. ती मधेच काठावर संपत असेल तर तो दस्ता जन्मापासून अधू आहे, आणि त्याला गोंदापेक्षा जास्त काहीतरी लागणार.

मानेचा तडा अचानक, एका बारात पडला असेल तर आणखी एक शंका घ्या. दोन्ही बार एकदम उडाले होते का? पुढचा चाप ओढला आणि धक्क्याने दुसऱ्या नळीचाही घोडा सुटला, असं झिजलेल्या यंत्रणेत होतं. उडवणाऱ्याला नेहमी कळतंच असं नाही, त्याला फक्त ‘आज जरा जोरात लागलं’ एवढंच वाटतं. उघडल्यावर दोन्ही काडतुसांच्या टोपीवर ठसा दिसला की समजायचं. हा दोष असेल तर दस्ता बाजूला ठेवा आणि आधी बंदूक कारागिराकडे द्या. अशा बंदुकीचं लाकूड दुरुस्त करणं म्हणजे फुटक्या घागरीला रंग देणं. शिवाय ती धोकादायक आहे ते वेगळंच.

माझा तडा पहिल्या प्रकारचा होता. सरळ, पट्टीच्या टोकापासून, मागे जाता जाता विरत गेलेला.

पाचर कुठे आहे

साधारण ३ किलोची बंदूक २८ ग्रॅम छर्र्यांचं काडतूस उडवते तेव्हा ती सेकंदाला चारेक मीटर वेगाने मागे यायला बघते. हा वेग आधी पोलादाला मिळतो, लाकडाला नाही. पोलाद लाकडाला ढकलतं आणि लाकूड खांद्याला. म्हणजे ज्या जागी पोलाद लाकडाला टेकतं त्या जागेवर प्रत्येक बाराला हातोडीचा घाव बसतो. तो घाव रुंद, सपाट तोंडांवर बसावा अशी योजना असते. ॲक्शनच्या मागच्या दोन्ही अंगांना जे सपाट पृष्ठ असतं, ते दस्त्याच्या तोंडाशी घट्ट भिडलेलं हवं. आणि वरची लांब निमुळती पट्टी? तिने फक्त स्क्रू धरायचा. तिच्या टोकाने लाकडाला मागून स्पर्शही करायला नको.

नव्या बंदुकीत असंच असतं. मग पन्नास-साठ-ऐंशी वर्षं जातात.

या वर्षांत सगळ्यांत जास्त नुकसान करतं ते म्हणजे प्रेमाने घातलेलं तेल. गंजू नये म्हणून बंदुकीला भरपूर तेल पाजायचं आणि मग ती दस्त्यावर उभी करून कपाटात ठेवायची, ही सवय पिढ्यानपिढ्या चालत आलेली. तेल कुठे जाणार? खाली. ॲक्शनमधून गळत गळत थेट लाकडाच्या उघड्या कापलेल्या टोकात. लाकडाच्या नळ्या तिथे तोंड उघडून बसलेल्याच असतात. अक्रोडाचं टणक लाकूड हळूहळू काळं पडतं आणि मऊ होतं. मी माझा दस्ता सोडवला तेव्हा त्याचं तोंड डांबर फासल्यासारखं होतं. नखाने दाबलं तर नखाची चंद्रकोर उमटून राहिली. शेजारीच, दोन इंच मागे, तेच लाकूड नखाला दाद देत नव्हतं.

आता हिशेब जुळवा. मऊ झालेलं तोंड प्रत्येक बाराला कणभर दबतं. पोलाद कणभर मागे सरकतं. असं करत करत एक दिवस पट्टीचं निमुळतं टोक आपल्या खाचेच्या मागच्या भिंतीला टेकतं. त्या दिवसापासून ती पट्टी म्हणजे पाचर. सरपण फोडताना पाचर रेषेच्या दिशेने ठोकतो, अगदी तसंच.

स्क्रू सैल असतील तर हे सगळं लवकर होतं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, स्क्रू ढिले पडतात, पोलादाला हलायला जागा मिळते. म्हणून लोक स्क्रू आवळतात, आणि इथे आणखी एक भानगड होते. वरची पट्टी आणि खालची ट्रिगर प्लेट यांच्यामध्ये लाकूड सँडविचसारखं दाबलेलं असतं. लाकूड मऊ असेल तर आवळल्यावर प्लेट वर येते, आणि तिच्यात बसवलेले चापही वर येतात. मग चाप अडकल्यासारखे होतात किंवा नको तेवढे हलके होतात. स्क्रू आवळल्यावर चापाची ओढ बदलली असं जाणवलं, तर थांबा आणि बंदूक वापरू नका. यावर उपाय आहे. स्क्रूभोवती नेमक्या उंचीची पितळी नळी बसवली की ती दोन्ही पोलादांमधलं अंतर धरून ठेवते. पण ती उंची ठरवणं कारागिराकडूनच करून घ्यावं.

काजळीची परीक्षा

पाचर खरंच तिथे आहे का, हे अंदाजाने ठरवू नका. बघून ठरवा. जुने दस्ता बसवणारे दिव्याची काजळी वापरत, आणि त्याहून चांगलं साधन अजून मला सापडलेलं नाही.

आधी दस्ता सोडवायचा. नळ्या आणि पुढची लाकडी मूठ काढून ठेवा. स्क्रूच्या खाचा जुन्या बंदुकीत अतिशय अरुंद असतात आणि बाजारातल्या पेचकसाची धार पाचरीसारखी निमुळती असते. ती खाचेत तळापर्यंत बसतच नाही, वरच्या कडांवरच टेकते आणि घसरते. माझ्या बंदुकीच्या पट्टीवर एक ओरखडा आहे, तो माझ्या पहिल्याच संध्याकाळचा. पेचकसाची धार कानशीने घासून दोन्ही बाजूंनी समांतर करा, खाचेत अडकून उभी राहील इतकी नेमकी. स्क्रू जाम असेल तर त्याच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, थंड होऊ द्या, मग प्रयत्न करा. गंज सोडवणारं तेल ओतायचा मोह टाळा. लाकूड आधीच तेलाने मेलेलं आहे.

बऱ्याच इंग्लिश बंदुकांत ट्रिगर गार्ड, म्हणजे चापांभोवतीची कमान, मागे लाकडात बसणाऱ्या स्क्रूंनी धरलेला असतो आणि पुढचं टोक मात्र स्वतःच आट्याचं असतं. मागचे स्क्रू काढल्यावर गार्ड अख्खा गोल फिरवून सोडवावा लागतो. हे माहीत नसलं की लोक तो ओढतात आणि वाकवतात. एक स्क्रू बहुधा बंदूक उघडायच्या वरच्या खटक्याखाली दडलेला असतो, खटका बाजूला ढकलल्यावर दिसतो. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकाचा असतो, हाताने जुळवलेला. पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथला, तिथे पुठ्ठ्यात टोचून ठेवा.

पोलाद सुटलं की त्याच्या लाकडाला भिडणाऱ्या सगळ्या जागांवर पातळ काजळी धरा. तेलाच्या दिव्याची धुरकट ज्योत पुरते. थर जाड नको, चकाकी जाईल इतकाच. मग पोलाद पुन्हा जागेवर बसवा, स्क्रू नेहमीसारखे लावा, दस्ता मागून हाताच्या तळव्याने दोन-तीनदा ठोका आणि परत सोडवा. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे पोलाद टेकतं.

माझ्याकडे काय दिसलं? रुंद तोंडांवर, जिथे काळं हवं होतं, तिथे जवळपास काहीच नाही. डाव्या अंगाला एक पुसटसा ठिपका. आणि पट्टीच्या खाचेच्या अगदी टोकाला नखाएवढी चकचकीत काळी कोर, दाबून गुळगुळीत झालेली. तडा त्या कोरीच्या बरोबर मधून निघालेला.

त्या एका डागाने दोन वर्षांच्या गोंदाच्या बाटल्या फुकट गेल्याचं सांगितलं.

तेल काढणं हेच निम्मं काम

तेलकट लाकडाला कुठलंही एपॉक्सी धरत नाही. माझं दुसऱ्या वेळचं एपॉक्सी तड्यातून अख्खं निघालं होतं, जखमेवरची खपली निघावी तसं, आणि त्याला चिकटून लाकडाचा एक तंतूही आला नव्हता. तेव्हाच समजायला हवं होतं.

तेल काढायला ॲसिटोन आणि खडूची बारीक पूड. दोन्हींची दह्याएवढी घट्ट लापशी करून दस्त्याच्या तोंडावर, खाचांच्या आत आणि तड्यावर जाड थापायची. ॲसिटोन तेल सैल करतं आणि स्वतः उडून जाताना ते बाहेर आणतं, खडू ते शोषून घेतो. वाळलेली पूड ब्रशने झाडली की ती पिवळट तपकिरी झालेली दिसते. पुन्हा थापायची. आणि पुन्हा. मला नऊ वेळा करावं लागलं, शेवटच्या दोनदा पूड पांढरी राहिली. घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. ॲसिटोन जुनं पॉलिशही विरघळवतं, म्हणून जाळीदार नक्षी आणि मागचा भाग चिकटपट्टी व प्लास्टिकने नीट झाका. खोली हवेशीर हवी आणि आसपास ज्योत, शेगडी, ठिणगी काहीही नको. काजळीचा दिवा आणि ॲसिटोनची बाटली एकाच दिवशी एकाच टेबलावर कधीच नको. काही लोक दस्ता ओव्हनमध्ये घालून तेल घाम फुटल्यासारखं बाहेर काढतात असं ऐकतो. ॲसिटोनने भिजलेलं लाकूड ओव्हनमध्ये घालणाऱ्याच्या घराजवळ मला राहायचं नाही. तीव्र उष्णतेने जुनं लाकूड तडकतंही.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मण्यासारखा गोल बसून राहिला तर तेल आहे. पसरून मुरला तर लाकूड मोकळं झालंय. मग आठवडाभर दस्ता नुसता पडू द्या. माझ्या दस्त्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा एक तेलकट डाग वर आला होता, म्हणजे आतलं तेल हळूहळू पृष्ठभागावर येतच असतं. त्यासाठी दहावा लेप.

चिकटवणं

जुना गोंद तड्यातून काढायचा. पाते घालून फट रुंदावू नका. दात साफ करायचा पातळ धागा ॲसिटोनमध्ये बुडवून तड्यातून करवतीसारखा ओढला तर बरंच निघतं. तडा हाताने अलगद उघडझाप करतो का ते बघा. उघडत असेल तर आत गोंद पोचेल.

गोंद कुठला, यावर लोक भांडतात. माझं मत असं: धक्का खाणाऱ्या सांध्याला हळू सुकणारं एपॉक्सी, चोवीस तासांचं. पाच मिनिटांचं एपॉक्सी लाकडात मुरायच्या आतच आवळतं. सायनोॲक्रिलेट (झटकन चिकटणारा ‘सुपर ग्लू’) पाण्यासारखं पातळ असल्याने केसाएवढ्या फटीत सुंदर ओढलं जातं, पण ते ठिसूळ. खाचेच्या पातळ कडांवरच्या बारीक फटींना ठीक, मुख्य तड्याला नाही. पांढरा गोंद स्वच्छ ताज्या लाकडावर उत्तम, इथे ते लाकूड कुठून आणणार.

एपॉक्सी हेअर ड्रायरने किंचित कोमट केलं की पातळ होऊन खोल जातं. तड्याच्या एका बाजूने लावा आणि आतल्या खाचेच्या बाजूने व्हॅक्युम क्लीनरची नळी धरा, ते आरपार खेचलं जातं. पलीकडे एपॉक्सीचा ओला मणी दिसला की पोचलं. (नळीच्या तोंडावर फडकं बांधा, नाहीतर क्लीनरही कायमचा चिकटेल.)

आणि आता ती चूक, जी मी तिन्ही वेळा केली. मी दस्ता रिकामाच आवळून चिकटवत होतो. शिकंजा लावला, तडा मिटला, समाधान वाटलं. पण तडा पूर्ण मिटल्यावर आतली खाच अर्ध्या केसाने अरुंद झाली, कारण इतक्या वर्षांत लाकूड पोलादाभोवती थोडं उघडून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी पोलाद जागेवर बसवताना मी स्वतःच्या हाताने तो तडा पुन्हा ताणला. बाराची वाटही बघावी लागली नाही. म्हणून पोलादाला, स्क्रूंना, त्यांच्या आट्यांना भरपूर मेण लावा, पोकळ्यांमध्ये मुलांची खेळायची माती भरा, आणि पोलाद जागेवर ठेवूनच चिकटवा. मेण एकही जागा सोडता कामा नये. राहिलं, तर बंदूक आणि दस्ता एकजीव होतील आणि मग दस्ता फोडूनच सोडवावा लागेल. आवळायला सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी घ्या आणि ताणून गुंडाळत जा. मानेसारख्या गोलाईवर लोखंडी शिकंजा नीट बसत नाही, रबर सगळीकडून सारखं दाबतं.

आडवी खुंटी घालायची तर आतून, खाचेच्या तळातून भोक पाडा, म्हणजे बाहेर दिसणार नाही. तीन मिलिमीटरचा आट्यांचा पितळी दांडा घ्या, गुळगुळीत नको, आट्यांमध्ये एपॉक्सी धरतं. तो तड्याला काटकोनात जावा आणि पट्टीच्या टोकापासून चांगला मागे असावा. पण खुंटी ही दुय्यम गोष्ट आहे. माझ्या पहिल्या खुंटीचं काय झालं ते सांगितलंच.

पाचर काढणं

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते काम आता. दोन गोष्टी करायच्या आहेत. पोलाद पुन्हा रुंद तोंडांवर टेकवायचं, आणि पट्टीचं टोक मोकळं करायचं. क्रम महत्त्वाचा. आधी नुसतं टोक मोकळं केलंत, तर पोलाद आणखी मागे सरकेल आणि पुन्हा तिथेच टेकेल.

तोंडं भरायला मी अक्रोडाच्या पातळ चकत्या वापरल्या, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या. मऊ, मेलेलं लाकूड पटाशीने पातळ सोलून काढलं आणि त्या जागी या चकत्या एपॉक्सीने बसवल्या, पोलाद स्क्रूने हलकेच आवळलेलं ठेवून. मग काजळी. जिथे काळं उमटलं तिथे पटाशीने किंवा बारीक कानशीने कणभर खरवडायचं. पुन्हा काजळी. हे मी किती वेळा केलं ते मोजलं नाही, दोन रविवार गेले. शेवटी दोन्ही तोंडांवर सारखा, ठिपक्याठिपक्यांचा काळा पट्टा आला. ज्यांना इतका वेळ नाही ते तोंडावर एपॉक्सीचा पातळ थर देऊन मेण लावलेलं पोलाद त्यात दाबतात. तेही चालतं आणि टिकतंही. पण नामांकित बनावटीच्या, मूळ अवस्थेतल्या बंदुकीत असं काही करू नका, पुढच्या कारागिराला ते उकरावं लागतं.

त्यानंतरच पट्टीच्या टोकामागे खाच थोडी मागे नेली. किती? पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. बाहेरून बघणाऱ्याला ती फट दिसते आणि तो म्हणतो ‘इथे बसणी सैल आहे.’ म्हणू द्या.

इतर जखमा, थोडक्यात

मान पूर्ण मोडली असेल तर तुटलेले तंतू कापू किंवा घासू नका, तेच एकमेकांत बरोबर बसतात. लांब तिरकी मोड चांगली चिकटते, कारण रेषेला रेष भिडते. आडवी, आखूड मोड जवळपास धरतच नाही, तिथे आतून लांब दांडा हवा. आणि तरीही अशी बंदूक पुन्हा उडवायची की नाही, हे बघणाऱ्या कारागिराने ठरवावं. मी तरी नवा दस्ता बसवेन.

मागच्या खालच्या टोकाची ढलपी उडाली असेल तर नवा तुकडा चौकोनी नको, तिरक्या कापाचा घ्या. त्याची रेष आणि चमक दोन्ही जुळवा. कोरड्या लाकडावर रंग जुळलेला दिसतो आणि तेल लावल्यावर पितळ उघडं पडतं, म्हणून निवडतानाच तुकडा ओला करून बघा.

पोचा आणि खड्डा यात फरक आहे. पोच्यात तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. ओलं फडकं घडी करून वर ठेवा, गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा. वाफ तंतू फुगवते आणि पोचा बराचसा वर येतो. चिकटवलेल्या सांध्याजवळ मात्र हे करू नका. आणि पॉलिश पेपर घेऊन सगळा दस्ता घासायला बसू नका. पोलादाच्या कडेशी लाकूड घासलं की पोलाद वर उचललेलं राहतं, ते कधीच लपत नाही.

वरून हात द्यायला जवसाचं तेल. जुन्या इंग्लिश दस्त्यांची ती लालसर झाक अल्कानेट नावाच्या वनस्पतीच्या मुळ्या तेलात भिजवून आणत. थेंबभर तेल, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या फडक्याने पुसाल ते बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पुन्हा उडवण्याआधी

नळ्यांवरच्या खुणा कारागिराकडून वाचून घ्या. जुन्या बारा बोअरच्या कितीतरी इंग्लिश बंदुकांच्या कोठ्या अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या असतात, आणि आज सहज मिळणारी काडतुसं ७० मिलिमीटरची किंवा त्याहून लांब. गंमत अशी, की मिटलेलं लांब काडतूस त्या कोठीत बसतं. बार उडाल्यावर त्याचं तोंड पुढे उघडतं तेव्हा ते कोठीपुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा समज अनेक दस्त्यांना आणि काही नळ्यांनाही महागात पडलाय. माझ्या बंदुकीच्या आधीच्या मालकाने तिला काय काय चारलं असेल कोण जाणे. कोठीच्या लांबीचीच आणि त्यातलीही हलक्यात हलकी काडतुसं घ्या.

मी तड्याच्या मागच्या टोकाशी बारीक पेन्सिलीची आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. पोलाद आणि लाकूड यांच्या सांध्यावरही एक रेघ, अर्धी इकडे अर्धी तिकडे. पहिल्या दहा बारांनंतर स्क्रू पाव फेऱ्याने कमी आवळलेले निघाले, ते नीट केले. पुढच्या दहांनंतर जागचे हलले नव्हते. दोन्ही अर्ध्या रेघा अजून एका ओळीत आहेत, आणि मागची रेघ तड्याने ओलांडलेली नाही.

बंदूक आता नळ्यांची तोंडं खाली करून ठेवतो, खाली जाड पांढरं फडकं घडी करून. पहिल्या महिन्यात त्या फडक्यावर बोराएवढा तपकिरी डाग उमटला. तो दस्त्यात जाणार होता.